दारासमोरची जागा कोणाची, इमारतीखालची कोणाची?

गोव्यात म्हापशाला शुक्रवारी किंवा डिचोलीला बुधवारी बाजार भरला की आजूबाजूच्या गल्ल्यांत एक ठरलेलं भांडण होतं. बाजाराला आलेला माणूस कुणाच्या तरी कुंपणाला लागून गाडी लावतो. घरमालक बाहेर येतो, "ही आमची जागा, गाडी काढा" म्हणतो. समोरचा विचारतो, "रस्ता काय तुमचा आहे?" आवाज चढतात, शेजारी गोळा होतात, आणि कायदा नेमका काय सांगतो हे त्या गर्दीत कुणालाच ठाऊक नसतं. त्याच गल्लीच्या टोकाला एक चार मजली इमारत असते. तिच्या खाली गाड्यांसाठी सोडलेल्या जागेत दुकानाचं शटर बसलेलं असतं आणि फ्लॅटवाल्यांच्या गाड्या रस्त्यावर उभ्या असतात. त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

हे अगदी उलटं चाललंय. रस्त्यावरच्या जागेवर आपला हक्क नसतो, तरी तिच्यासाठी आपण भांडतो. इमारतीच्या मंजूर आराखड्यातली पार्किंगची जागा हक्काची असते, कागदावर असते, मागून घेता येते, आणि ती आपण सोडून देतो. या लेखात दोन्ही बाजू पाहू: आधी रस्त्यावरची, मग आवारातली.

"सार्वजनिक जागा" म्हणजे काय

मोटर वाहन कायदा १९८८ चा. तो देशभर एकच आहे, त्यामुळे पणजी महानगरपालिका असो की राज्यातल्या तेरा नगरपालिकांपैकी कुठलीही, पाया तोच. या कायद्यात "सार्वजनिक जागा" ही कल्पना फार महत्त्वाची आहे. जिथे लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे असा कुठलाही रस्ता, वाट किंवा जागा म्हणजे सार्वजनिक जागा. रस्ता पुढे कुठे जातो की वाड्यातच संपतो, याने फरक पडत नाही.

वाहतूक पोलिसांचा पार्किंगबाबतचा अधिकार या व्याख्येवर उभा आहे. रस्त्यावर, पदपथावर, बाजाराच्या चौकात तो चालतो. सोसायटीच्या फाटकाच्या आत, जिथे बाहेरच्या माणसाला मुक्त प्रवेश नाही, तिथे कुणी तुमच्या जागेत गाडी लावली तर वाहतूक पोलीस क्रेन घेऊन येणार नाहीत. तो वाद सोसायटीचा. कुठल्या तक्रारीसाठी कुठलं दार ठोठावायचं हे इथेच ठरतं, आणि निम्मे अर्ज चुकीच्या दारात पडून राहतात.

कदंबच्या सीटवरचा रुमाल

कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून सीट धरण्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. लोक ती मानतात, पण ती सीट तिकिटावर लिहिलेली नसते. घरासमोर ठेवलेला दगड, जुना टायर, सिमेंट भरलेला डबा, साखळी किंवा फुलांची कुंडी म्हणजे तसाच रुमाल. फरक एवढाच की रस्त्यावर टाकलेला हा रुमाल बेकायदा आहे. सार्वजनिक रस्त्यावर वस्तू ठेवून जागा अडवणं हे अतिक्रमण ठरतं आणि पालिका ती वस्तू उचलू शकते. रात्री त्या दगडावर कुणी स्कूटरवाला आपटला तर दगड ठेवणाऱ्यावरच बालंट येतं: सार्वजनिक वाटेत अडथळा किंवा धोका निर्माण केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

रंगवून आणलेल्या "नो पार्किंग" पाटीचंही तसंच. मोटर वाहन कायद्याचं कलम ११६ सांगतं की रस्त्यावर किंवा रस्त्यालगत वाहतुकीचं चिन्ह अधिकृत यंत्रणेनेच लावायचं. स्वतःच्या गेटावर विनंतीवजा पाटी लावायला हरकत नाही. समंजस माणूस ती वाचतो आणि गाडी पुढे नेतो. पण त्या पाटीच्या जोरावर कुणाला दंड होत नाही आणि कुणाची हवा सोडण्याचा अधिकार मिळत नाही. हवा सोडणं, वायपर वाकवणं, काचेवर डिंकाने कागद चिकटवणं यात नुकसान करणारा आपणच ठरतो.

"पण मी घरपट्टी भरतो, आणि रस्त्याला जमीनही आमचीच गेली"

घरपट्टी ही तुमच्या मिळकतीवर आहे, समोरच्या डांबरावर नाही. रोड टॅक्स राज्याला जातो आणि तो वाहन रस्त्यावर चालवण्यासाठी आहे, एखादी ठरावीक जागा राखून ठेवण्यासाठी नाही. तीस वर्षं तिथेच गाडी लावत आलो, म्हणूनही सार्वजनिक रस्त्यावर हक्क तयार होत नाही.

जमिनीचा मुद्दा मात्र नीट तपासण्यासारखा आहे, कारण गोव्यात तो वारंवार येतो. रुंदीकरणात जमीन संपादित झाली असेल किंवा बांधकाम परवाना घेताना रस्त्यासाठी सोडून दिली असेल, तर ती आता सार्वजनिक. पण कित्येकदा डांबर कुंपणाबाहेरच्या खासगी पट्टीवर नुसतंच पसरलेलं असतं आणि कागदावर पट्टी अजून मालकाची असते. शहरी भागात यासाठी फॉर्म डी काढा, त्यावर पी. टी. शीट (शहर भूमापनाच्या नकाशाचा क्रमांक) आणि चलता नंबर (मिळकतीचा क्रमांक) असतो. ग्रामीण भागात फॉर्म १ व १४ पाहावा लागतो. सोबत सर्व्हे आराखडा घ्या. शंका राहिली तर भूमापन खात्याकडे हद्द आखून मागा. पट्टी तुमची निघाली तर कुंपण पुढे घेण्याचा विचार पालिकेच्या परवान्यानेच करता येतो. आणि तोपर्यंत ती पट्टी लोकांच्या नेहमीच्या जाण्यायेण्यासाठी उघडी असेल, तर मालकी तुमची असली तरी तिच्यावर वाहतुकीचे नियम लागू होऊ शकतात.

फलक कोण लावतो, आणि त्याचा अर्थ काय

एखादा रस्ता "नो पार्किंग" करायचा असेल तर पालिकेचा ठराव पुरेसा नसतो. गोव्यात तशी अधिसूचना जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारीच, काढतात. पालिका मागणी करते, वाहतूक पोलीस जागेवर पाहून मत देतात, मग अधिसूचना निघते आणि त्यानंतर फलक उभा राहतो. (फोंडेकरांनी अर्ज करताना लक्षात ठेवावं: तालुका २०१५ पासून दक्षिण गोव्यात आहे, तेव्हा जिल्हाधिकारी मडगावचे.) चवथीच्या बाजारासाठी किंवा जत्रेसाठी वाहतूक वळवायची असेल तर कलम ११५ मध्ये सोय आहे: बंदी एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात छापण्याची गरज नाही, पण तिला स्थानिक पातळीवर प्रसिद्धी द्यावी लागते. माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या) बाजाराच्या आठवड्यात वर्तमानपत्रात येणाऱ्या वाहतूक सूचना याच प्रकारच्या. त्या वाचायला विसरलात तर नेहमीच्या जागी लावलेली गाडी संध्याकाळी तिथे नसेल.

फलक दोन, आणि लोक ते सर्रास एक समजतात. निळं वर्तुळ, लाल कड आणि एकच तिरकी लाल पट्टी म्हणजे नो पार्किंग. इथे माणूस उतरवण्याइतकं किंवा गॅस सिलिंडर खाली घेण्याइतकं थांबता येतं, पण लगेच निघायचं. चालक सीटवर बसून फोनवर बोलत वाट पाहतो, तेव्हा ते पार्किंगच असतं. इंजिन चालू आहे किंवा इंडिकेटर लुकलुकतोय म्हणून ते बदलत नाही. त्याच निळ्या वर्तुळावर दोन लाल पट्ट्यांची फुली असेल तर नो स्टॉपिंग. तिथे माणूस उतरवायलाही थांबायचं नाही. फलकाखालच्या लहान पाटीवर बाण किंवा वेळ असते. बंदी कुठल्या दिशेला आणि कुठल्या तासांत आहे, ते तिच्यावर कळतं.

फलक नसला तरी

"बोर्ड कुठे होता?" हा दंड झालेल्या माणसाचा पहिला प्रश्न. पण बऱ्याच जागांना फलक लागतच नाही, तिथली बंदी वाहन चालवण्याच्या नियमांतच आहे. चौकाजवळ आणि वळणावर, चढाच्या माथ्यावर, कमानी पुलावर, पदपथावर, झेब्रा क्रॉसिंगवर, बस थांब्याजवळ, शाळेच्या व इस्पितळाच्या प्रवेशाजवळ, कुठल्याही आवाराच्या गेटासमोर, अग्निशमनाच्या नळासमोर, दुसऱ्या उभ्या गाडीच्या बाजूला दुहेरी रांगेत आणि वाहतुकीचा फलक झाकला जाईल अशा ठिकाणी. दुचाकीला यातून सूट नाही. पदपथावर चढवलेली स्कूटर तितकीच चुकीची.

एक नियम फार थोड्यांना माहीत असतो: रस्त्याच्या उजव्या बाजूला, समोरून येणाऱ्यांकडे तोंड करून गाडी लावायची नाही. याचं कारण रात्री उमगतं. गाडीचे लाल परावर्तक मागच्या बाजूला असतात. उलट्या बाजूला उभी केलेली गाडी त्या बाजूने येणाऱ्याला आपलं तोंड दाखवते, तिथे लाल काहीच चमकत नाही. पावसात, दिव्याखाली नसलेल्या रस्त्यावर ती शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. शिवाय तिथून निघताना चालक रस्त्याच्या कडेला बसलेला असतो आणि समोरून येणारं वाहन त्याला पुढच्या गाडीआडून दिसत नाही.

आणि गटारांवरच्या फरश्या. त्या चालणाऱ्यांसाठी टाकलेल्या असतात. जड गाडीचं चाक रोज त्यावर चढलं की फरशी तडकते, तुकडा आत पडतो आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी तुंबून त्याच घराच्या अंगणात शिरतं. पावसाळ्याआधी गटारं उपसायला माणसं येतात तेव्हा त्या फरश्यांवर उभ्या गाड्यांमुळे नेमका तेवढा टप्पा उपसायचा राहून जातो.

माझ्या गेटासमोर गाडी उभी आहे, आता काय?

आधी हे पाहा की ते खरंच गाडी आत-बाहेर करण्याचं गेट आहे का. कुंपणाच्या सलग भिंतीसमोर गाडी लावणं आणि प्रवेशद्वार अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी. भिंतीसमोर, बाकी कुठला नियम मोडत नसेल तर, लावता येते. गेट अडवणं हा गुन्हा आहे, पाटी असो वा नसो.

दोन फोटो काढा. एकात गाडीची नंबरप्लेट स्पष्ट दिसायला हवी, दुसऱ्यात गाडी आणि तुमचं गेट एकाच चौकटीत. नुसत्या नंबरप्लेटच्या फोटोवरून गाडी कुठे होती हे सिद्ध होत नाही, बहुतेक तक्रारी इथेच लंगड्या पडतात. प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतील तर ती भाड्याने स्वतः चालवायला दिलेली गाडी. पर्यटक जवळच्याच हॉटेलात किंवा होमस्टेत असण्याची शक्यता मोठी, तिथे विचारलं की बहुधा पाच मिनिटांत सुटका होते. चालक सापडला नाही तर शहराच्या वाहतूक पोलीस कक्षाला कळवा. घरात आजारी माणूस आहे आणि गाडी बाहेर काढायची आहे अशी निकड असेल तर सरळ ११२ लावा आणि निकड काय ती पहिल्याच वाक्यात सांगा.

गेटासमोर रस्त्यापर्यंत उतार बांधायचा असेल तर लक्षात ठेवा, तो गटारावर किंवा पदपथावर येत असेल तर पालिकेची परवानगी लागते. रस्त्यात दोन फूट पुढे आलेला सिमेंटचा उतार पाणी अडवतो, आणि शेजाऱ्याने तक्रार केली तर तोडावा लागतो.

ताडपत्री घातलेली, महिनोन्‌महिने न हललेली गाडी

अशी एक तरी गाडी प्रत्येक वाड्यात असते. चाकं बसलेली, खाली पालापाचोळा, त्यात पावसाळ्यात डासांची पैदास. कायद्याचं कलम १२७ इथे कामी येतं. सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक बेवारस सोडलेलं वाहन, किंवा पार्किंगला बंदी असलेल्या जागी उभं केलेलं वाहन, गणवेशातला पोलीस अधिकारी उचलून न्यायला किंवा चाकाला जॅमर लावायला सांगू शकतो. दहा तास, दहा दिवस नव्हे. उचलण्याचा खर्च मालकाचा, दंड वेगळा.

पण व्यवहारात पोलीस दहा तासांनी येणार नाहीत. त्यांना सांगावं लागतं, आणि नीट सांगावं लागतं. आठवड्याच्या अंतराने दोन फोटो घ्या, त्याच कोनातून, तारखेसह. अर्ज वाहतूक पोलिसांच्या नावे करा, प्रत पालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना द्या आणि पोचशिक्का घ्या. गाडी ज्यांची आहे असं वाटतं त्यांना आधी एकदा विचारा. मालक परदेशी बोटीवर असेल आणि किल्ली घरातच असेल, तर अर्जाशिवायही काम होतं.

टो, जॅमर आणि चलन

चुकीच्या पार्किंगला मोटर वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी १५०० रुपयांपर्यंत दंड आहे. गाडी उचलली असेल तर त्याचा खर्च वरून.

गाडी जागेवर दिसली नाही तर चोरीची तक्रार करण्याआधी वाहतूक कक्षाला फोन करा. गाडी ताब्यात घेताना चहूबाजूंनी पाहा: पुढचा बंपर, मागची चाकं, खालचा भाग. ओरखडा किंवा वाकलेला भाग दिसला तर तिथल्या तिथे, गाडी बाहेर काढण्याआधी, फोटो घेऊन लेखी नोंद करायला सांगा. नंतर घरी जाऊन सांगितलेलं कुणी धरत नाही.

चलन वाहनाच्या नोंदणीकृत मालकाच्या नावे निघतं. त्यामुळे दोन गोष्टी वेळेत करा. परिवहनच्या पोर्टलवर गाडीशी जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे का ते पाहा. जुन्या नंबरवर गेलेली चलनं साठत राहतात आणि फिटनेस, विक्री किंवा नाव बदलण्याच्या वेळी एकदम समोर येतात. आणि गाडी विकली तर आरटीओला कळवा. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला त्यासाठी १४ दिवसांची मुदत आहे. नुसत्या स्टँप पेपरवर सही करून गाडी दिली आणि नाव बदललं नाही, तर नवा मालक कुठेही लावेल आणि चलन तुमच्या घरी येईल.

चलन चुकीचं वाटत असेल तर ते भरू नका. भरलेला दंड ही तडजोड समजली जाते आणि प्रकरण तिथे मिटतं, मग वाद घालायला जागा उरत नाही. त्याऐवजी चलनावरचा फोटो, जागेचा स्वतः काढलेला फोटो आणि तारीख-वेळ घेऊन वाहतूक कक्षात लेखी हरकत द्या. तिथे निभावलं नाही तर प्रकरण न्यायालयात लढवता येतं. पण मुदत वाहू देऊन गप्प बसू नका.

पे पार्किंग: सोपो भरतो, तसंच

पे पार्किंगचा विषय पालिकेत आला की पहिला आक्षेप ठरलेला: "रस्ता लोकांचा, मग पैसे कसले?" बाजारात टोपली घेऊन बसणारी बाई सोपो, म्हणजे बसण्याच्या जागेची फी, भरते. त्या दिवसापुरती ती त्या जागेवर बसते. सोपो भरला म्हणून जागा तिची होत नाही, आणि बाजार लोकांचा आहे म्हणून सोपो माफ होत नाही. पार्किंग फीही त्याच जातीची. रस्त्यावरून जायला पैसे नाहीत. रस्त्याचा तुकडा आपल्यापुरता अडवून ठेवायला आहेत.

ती लावण्यामागचं कारण साध्या गणितात आहे. रस्त्याला समांतर गाडी लावायला साधारण सहा मीटर लागतात. बाजाररस्त्याच्या १०० मीटरमध्ये एका बाजूला कागदावर सोळा गाड्या बसतात. गेटं आणि चौकाचे कोपरे सोडले की बारा धरा. दुकानाचे मालक आणि कामगार यांनीच सकाळी नऊला बारा गाड्या लावल्या आणि पाचला काढल्या, तर त्या आठ तासांत रस्त्याने बारा माणसांना जागा दिली. तीच गाडी प्रत्येकाने तासाभराने काढली तर शहाण्णव माणसांना. रस्ता एका इंचानेही रुंद झाला नाही, जागा आठपट झाली. त्याच सहा मीटरमध्ये सहा-सात स्कूटरी मावतात हेही यात धरा. आपल्या दुकानासमोर स्वतःची गाडी दिवसभर ठेवणारा दुकानदार गिऱ्हाईकाचीच जागा खातो, हे कुणीतरी त्याला शांतपणे सांगायला हवं.

तरीही पैसे घेणाऱ्याने काही गोष्टी पाळायलाच हव्यात, आणि त्या मागणं तुमचा हक्क आहे. दर आणि वेळ लिहिलेला फलक जागेवर असावा, आखलेल्या रेषा दिसाव्यात, आणि पावती मिळावी. पावतीशिवाय पैसे मागितले तर देऊ नका, मुख्याधिकाऱ्यांकडे तक्रार करा. पणजीत पाटोला बहुमजली पार्किंग आहे. ती जागा वापरून १८ जून रस्त्यापर्यंत चालत जाणं कित्येकदा त्या रस्त्यावर दोन फेऱ्या मारण्यापेक्षा लवकर होतं.

रहिवाशांचा आक्षेप मात्र रास्त आहे: ज्याच्या घरात गाडी ठेवायला जागाच नाही, त्याने रोज सोपोसारखे पैसे भरायचे का? याचं उत्तर पालिकेच्या ठरावात असायला हवं. रहिवाशांसाठी मासिक पास, रात्री फी नाही, एका घराला एकच पास, अशा अटी ठराव होण्याआधी मागायच्या असतात. ठेका दिल्यानंतर मागितलेल्या सवलतीला ठेकेदार नुकसान म्हणतो.

आता फाटकाच्या आत

इथे खरी जागा आहे. शहरातली इमारत मंजूर होते तेव्हा फ्लॅट आणि दुकानांच्या प्रमाणात पार्किंग दाखवावंच लागतं. बहुतेक वेळा ते स्टिल्टमध्ये असतं, म्हणजे खांबांवर उभ्या इमारतीच्या भिंती नसलेल्या तळमजल्यावर. बिल्डरला यात फायदा दिलेला असतो. भूखंडाच्या किती पट बांधायचं हे ठरवणाऱ्या गुणोत्तराला एफएआर म्हणतात, आणि पार्किंगसाठी ठेवलेला स्टिल्ट त्यात मोजत नाहीत. गाड्या आत राहतील या बोलीवर मिळालेली ही सवलत आहे. त्या स्टिल्टमध्ये नंतर शटर, गोदाम किंवा ऑफिस आलं की सवलत खिशात आणि गाड्या रस्त्यावर.

दाखवलेलं पार्किंग खरंच वापरता येईल का, हे टेपने मोजून कळतं. एका गाडीची चौकट साधारण अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब: साडेबारा चौरस मीटर. पण गाडी तिथपर्यंत न्यायची, वळवायची आणि खांब चुकवायचे असतात. म्हणून केंद्राच्या २०१६ च्या आदर्श इमारत उपविधींत एका गाडीमागे उघड्यावर २३, स्टिल्टमध्ये २८ आणि तळघरात ३२ चौरस मीटर धरले आहेत. आता हिशेब करा. स्टिल्ट २८० चौरस मीटरचा असेल तर तिथे दहा गाड्या नीट बसतात. माहितीपत्रकात सोळा लिहिल्या असतील, तर सहा गाड्या दुसऱ्यांच्या मागे अडकणार आणि रोज सकाळी किल्ल्या मागत फिरावं लागणार. दिव्यांग व्यक्तीसाठीची चौकट ३.६ मीटर रुंद लागते, कारण बाजूला व्हीलचेअर उतरवायची असते. ती प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत हवी.

जागा विकायची की नाही, यावर गैरसमज फार. रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, २०१६ चा; उघडी पार्किंगची जागा त्यात सामाईक जागांमध्ये धरली आहे. ती वेगळी विकता येत नाही. छत आणि तीन बाजूंना भिंती असलेलं गॅरेज वेगळं धरतात. त्याआधी, २०१० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका प्रकरणात स्टिल्ट हा सामाईक भाग आहे आणि बिल्डर तो गॅरेज म्हणून विकू शकत नाही असं म्हटलं. तो निकाल महाराष्ट्राच्या फ्लॅट कायद्यावर होता, म्हणून गोव्यातल्या जुन्या इमारतीला तो जसाच्या तसा लावून भांडायला जाऊ नका. आधी स्वतःचं विक्रीखत आणि आराखडा वाचा. नवा फ्लॅट घेत असाल तर "एक पार्किंगसह" एवढ्या शब्दांवर समाधान मानू नका. करारात जागेचा क्रमांक, मापं आणि ती खूण केलेला आराखडा जोडलेला हवा.

कागद असे मिळतात. प्रकल्प गोवा रेराकडे नोंदलेला असेल तर मंजूर आराखडा त्यांच्या संकेतस्थळावर पाहा. नसेल तर पालिका किंवा नियोजन प्राधिकरणाकडे माहिती अधिकारात मंजूर आराखडा, बांधकाम परवाना आणि भोगवटा दाखल्याची प्रत मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. आलेल्या कागदांत स्टिल्टचा आराखडा काढा, चौकटी मोजा आणि तो हातात धरून खाली फिरा. जिथे कागदावर गाडी आहे आणि जागेवर भिंत आहे, त्या प्रत्येक ठिकाणी फोटो घ्या. तक्रारीत "बेकायदा बांधकाम आहे" असं मोघम लिहू नका. "मंजूर आराखड्यातील पार्किंग क्रमांक ७, ८ व ९ च्या जागी शटर बसवले आहे" असं लिहा. मोघम अर्जाला मोघम उत्तर येतं. आकडे असलेल्या अर्जावर पाहणी करावी लागते.

सोसायटीतला आपापसातला वाद असेल तर नियम सर्वसाधारण सभेत ठराव करून घाला: एका घराला पहिली जागा, दुसऱ्या गाडीला उरली तर, पाहुण्यांसाठी किती. मग त्यानुसार क्रमांक रंगवा. सभेत ठराव झाल्याशिवाय सचिवाने परस्पर जागा वाटली तर ते टिकत नाही, आणि गोवा सहकारी संस्था कायदा २००१ खाली निबंधकांकडे जाता येतं. चुकीच्या जागी लावलेल्या गाडीला सोसायटीने स्वतः साखळी घालू नये. सोसायटी म्हणजे पोलीस नव्हे. फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांनी करारात पार्किंगचा क्रमांक आणि किती वाहनं, हे लिहावं. ते न लिहिल्यामुळे भाडेकरूची दुसरी गाडी शेजाऱ्याच्या जागेत जाते आणि शिव्या मालकाला बसतात.

अरुंद वाड्यात एकाच बाजूला पार्किंग मागताना

जुन्या वाड्यांतल्या पाच मीटरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या राहिल्या तर काय होतं? लहान कारची रुंदी साधारण १.७ मीटर. दोन्हीकडच्या मिळून ३.४. उरले १.६ मीटर. अग्निशमन दलाचा बंब किंवा कुठलंही मोठं वाहन नियमाने २.६ मीटरपर्यंत रुंद असू शकतं. ते त्या रस्त्यात शिरूच शकत नाही, आरसे मिटले तरी. एकाच बाजूला गाड्या असतील तर ३.३ मीटर उरतात आणि ते निघतं.

म्हणून अशा रस्त्यावर एका बाजूचं किंवा सम-विषम तारखांचं पार्किंग मागा. अर्ज पालिकेला, प्रती वाहतूक पोलीस आणि जिल्हाधिकाऱ्यांना. रस्त्याची रुंदी टेपने किमान तीन ठिकाणी मोजा: तोंडाशी, सर्वात अरुंद जागी आणि वळणावर. गटारापासून गटारापर्यंत, फरश्या न धरता. गेटं कुठल्या बाजूला जास्त आहेत तेही साध्या नकाशात दाखवा, कारण पार्किंग ज्या बाजूला ठेवायचं ती बाजू त्यावरूनच ठरते. खाली दोन्ही बाजूंच्या घरांच्या सह्या हव्यात. एकाच बाजूच्या सह्यांचा अर्ज गेला की दुसऱ्या बाजूचा विरोध पाहणीच्या दिवशी उभा राहतो आणि प्रस्ताव परत जातो.